आठ जीबीची बस

रिझोल्यूशन : सर्वोच्च. टेक्स्चर : सर्वोच्च. बाबा : ब्रेकवर.

बस डावीकडे वळली, समोर चौक आला आणि

चौक

थिजला. मग सगळं एकदम पुढे उडालं.

बाबांनी करकचून ब्रेक दाबला. "कोणाला लागलं का गं?"

"कोणालाही नाही, बाबा. गेम आहे."

"धक्का बसला ना? मग खाली उतरून बघायचं असतं."

उतरणार कुठे, सोफ्यावरून? पण ते खरंच उठले आणि टीव्हीला नाक लावून चाकांखाली बघू लागले.

जन्मभर बस चालवलेला माणूस. नजरेच्या मधोमध धुरकट डाग पडला, लायसन्स परत करावं लागलं. तेव्हापासून ते खिडकीशीही बसेनात. म्हणून मी माझा कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला, स्टिअरिंग आणलं. आता पुन्हा पुन्हा धक्के बसल्यावर त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"देऊन टाक कोणाला तरी. माझ्याच्यानं नाही होणार."

रिझोल्यूशन : निम्मं. टेक्स्चर : सर्वोच्च. बाबा : रस्ता चुकलेले.

मी स्टिअरिंग पुन्हा त्यांच्या हाती दिलं. धक्के गेले. पाट्याही गेल्या. अक्षरं ओल्या शाईसारखी फिसकटली.

"ही पाटी कसली?"

"विमानतळाची. मागे राहिली."

"मग कंडक्टर तूच. आधी ओरडत जा." हसले, पण गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंग परत माझ्या मांडीवर ठेवलं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुझ्या ग्राफिक्स कार्डात मेमरी फक्त आठ जीबी. एवढ्या रिझोल्यूशनला पुरायची नाही. नवं कार्ड घे."

"यंदा जमणार नाही."

"मग बाबांना रेडिओ लावून दे."

मी फोन ठेवला. जरा जोरातच.

बाबांना समजावलं : कार्डाची मेमरी म्हणजे बसमधल्या जागा. त्या भरल्या की जुनं चित्र उतरवायचं, नवं लांबून आणायचं. तेवढ्यात गाडी अडखळते.

"म्हणजे गाडी लहान पडते. चालकाचा दोष नाही?"

"अजिबात नाही."

त्यांनी स्टिअरिंग माझ्या मांडीवरून उचललं.

मी रिझोल्यूशन पुन्हा वर नेलं. आई मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय ती भिंत! वीट न् वीट दिसते. आपल्या भिंतीचे पोपडे मात्र यांना कधी दिसले नाहीत."

"अगं, कुठे आहे भिंत?" बाबांनी विचारलं.

मी आईकडे बघतच राहिले. त्या विटा बाबांना दिसतच नव्हत्या.

रिझोल्यूशन : सर्वोच्च. टेक्स्चर : मध्यम.

विटा, डांबर, झाडांच्या साली : या सगळ्यांवरची बारीक चित्रं हलकी केली. जागा त्यांनीच अडवली होती. पडद्याच्या कोपऱ्यातला मेमरीचा आकडा आठच्या खाली उतरला. भिंती सपाट झाल्या. पाट्यांची अक्षरं, रस्त्यावरचे पट्टे, सिग्नल, सगळं कोरल्यासारखं.

बाबा :

बस डावीकडे वळली आणि चौक आला आणि सरकत मागे गेला आणि पूल आला आणि मी श्वास रोखून आकड्याकडे बघत होते आणि पाटी आली आणि ती त्यांनी स्वतः, मोठ्यानं, माझ्याआधी वाचली आणि बोगदा आला आणि गेला आणि एक पांढरी मोटार इशारा न देताच आडवी घुसली तशी बाबा अर्धे उठलेच :

"ए पांढऱ्या! आरसा काय भांग पाडायला लावलायस?"

"झालं यांचं सुरू," आई म्हणाली, आणि घड्या तशाच टाकून त्यांच्या शेजारी येऊन बसली.