अंगठ्याआधी तारीख

सुदर्शन सरांचं एकच म्हणणं होतं: भाषा म्हणजे पक्कं बांधकाम. माणसं येतात, जातात. भिंती हलत नाहीत. तीस वर्षं खपून त्यांनी आपल्या भागातल्या बोलीचा कोश रचला आणि त्याला नाव दिलं 'अंतिम बोलीकोश'. मध्यंतरी शहराचं नाव बदललं, पण कोशातला एक काना हलला नाही, याचा सरांना कोण अभिमान!

महिनाअखेर ते विद्यापीठातून निवृत्त होणार होते. निरोप समारंभातच कोशाचं प्रकाशन ठरलं होतं आणि औरंगपुऱ्यातला छापखानेवाला राजकुमार पानं लावून बसला होता. घोडं अडलं होतं एका अंगठ्यावर. ज्यांच्या तोंडून शब्द घेतले, त्या प्रत्येकाचं 'होय, हीच आमची बोली' असं प्रमाणपत्र प्रकाशन समितीला हवं होतं. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली बिडकीनची कडूबाई, आणि कोशातले निम्मे शब्द तिचेच. ती नाही म्हणाली तर नुसती शाल आणि नारळ घेऊन घरी जायचं, ही धास्ती सरांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

रविवारी सर कोशाची पानं आणि शाईचं पॅड घेऊनच बिडकीनला पोचले. कडूबाईनं चहा दिला, पॅडकडे बघितलंसुद्धा नाही. जमिनी कारखान्यांच्या वसाहतीत गेल्या, त्या वर्षांत गावात इतके कागद फिरले की गल्लीनं रीतच पाडून घेतली होती. कुठलाही कागद आधी मुख्तार टेलरनं ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, मगच अंगठा. मुख्तारभाई गळ्यातली टेप न काढताच आले आणि खरेदीखत वाचावं तसा कोश वाचायला लागले.

"माळवद. घराचं मातीचं सपाट छत."

"कोण म्हणतंय माळवद?" कडूबाई म्हणाली. "सिलॅप म्हणत्यात."

"पांदण. शेतात जायची वाट."

"सर्व्हिस रोड!" नातसून सोनिया आतून ओरडली. ती कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती.

"बिगीबिगी."

"फास्टात!" अख्खा ओटा म्हणाला.

सरांच्या कपाळावर घाम आला. "मावशी, हे सगळं तुम्हीच मला सांगितलंय! इथंच बसून!"

"व्हय, सांगितलं की. कवा?"

"तीस वर्षांपूर्वी."

"मग अंगठा आजचा कसा मागता?"

हा प्रश्न सरांना इतक्या चर्चासत्रांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी पक्क्या बांधकामाचं व्याख्यान सुरू केलं. मुख्तारभाईंनी ते अदबीनं ऐकून घेतलं, पानं पुढंमागं केली आणि निकाल दिला. "सर, इसमें तारीख किधर है? बिनतारखेच्या कागदावर आपल्या गल्लीत अंगठा होत नाय."

"शब्दाला कुठं तारीख असते का?" सर कळवळले.

"सातबाऱ्याला असती ना? माणूस गेला की फेरफार व्हतो, नवं नाव लागतं," कडूबाई म्हणाली. "मग बोलण्यानंच काय घोडं मारलंय?"

"नाय वो मावशी, तसं नसतंय ते!" सर तावातावानं बोलून गेले. लहानपणी अजिंठ्याला बोलायचे, अगदी तसं. विद्यापीठात कुणी त्यांच्या तोंडून असं 'नाय' ऐकलं नव्हतं.

सोनिया हात पुसत बाहेर आली. "सर, हे कोणत्या तारखेचं?"

ओटा खदखदून हसला. सरही हसले. पण हसता हसताच तीस वर्षांची मेहनत चहाच्या एका कपात बुडाली, असं त्यांना वाटलं. डोळे भरून आले ते लपवायला ते उगाच पॅडचं झाकण लावत बसले.

कडूबाईच्या ते नजरेतून सुटलं नाही. तिनं कोश मांडीवर ओढला. वाचता येत नव्हतं, तरी पानावरून हात फिरवत राहिली.

"मास्तर, मी खोटं नाय म्हणत. हे बोलणं माझ्या सासूचं हाय. तिच्यासमोर मीबी तसंच बोलायची, न बोलून सांगते कुणाला! ती गेली, माळवद पाडलं, सिलॅप टाकला. मगाशी मुख्तारनं वाचलं तवा वाटलं, म्हातारी आत भाकरी थापतीय अन् तिथूनच वरडतीय. तिचं तिच्या नावावर लावा. माझं माझ्या नावावर. हिचं हिच्या."

सरांनी पेन काढलं. माळवदापुढे सासूचं नाव लिहिलं, गीताबाई, आणि साल एकोणीसशे पंच्याण्णव. सिलॅपपुढे कडूबाई, आजची तारीख. सर्व्हिस रोड सोनियाच्या नावावर चढला. उन्हं कलली तरी गल्लीतली माणसं आपापला शब्द नोंदवायला येतच होती, आणि 'नाय वो'पुढे 'सुदर्शन, अजिंठा' असं लिहिल्याशिवाय मुख्तारभाईंनी कागद हातातून सोडला नाही. मग कडूबाईनं पानापानावर अंगठा उठवला.

"पुढल्या साली परत या," ती शाई पुसत म्हणाली. "तवर माझंबी बदलंल."

निवृत्तीनंतर काय करणार, हे महिनाभर सगळे विचारत होते आणि सर विषय बदलत होते. ओट्यावरून उठायच्या आतच त्यांनी राजकुमारला फोन लावला.

"मुखपृष्ठावरचं 'अंतिम' काढ."

"ऐन वेळेला? मग तिथं काय टाकू?"

"तारीख टाक," सर म्हणाले. "अन् पुढच्या वर्षासाठी कागद राखून ठेव. लई लागणार हाय."