कार्डाची पाठ

टॅकेट साहेब गेले तेव्हा लॉरेल फोर्कच्या लोकांनी एकतीस भांडी भरून जेवण आणलं. केंटकीच्या या डोंगरात कुणी गेलं की शेजारपाजार बोलतो कमी आणि रांधतो जास्त. हॅम आलं, घेवडा आला, मक्याचे पाव आले, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर घराचं नाव. जेवण संपलं, दुःख जरा पातळ झालं, की कुणीतरी ती भांडी घरोघर परत करायची. कुणीतरी म्हणजे अर्थातच व्हर्डी साइझमोर. साहेब तीस वर्षं वॉशिंग्टनला निवडून जात राहिले, आणि तीस वर्षं त्यांची सगळी उस्तवार व्हर्डीनेच केली. मेल्यानंतरची तेवढी का सोडायची?

लोक म्हणत, काय त्या माणसाची आठवण! हजाराच्या गर्दीत हात मिळवताना विचारायचे, "मेबलच्या गुडघ्याचं काय झालं रे? आणि तो तांबडा कुत्रा वाचला का?" समोरचा जागच्या जागी विरघळायचा. पण ही आठवण साहेबांच्या डोक्यात नव्हतीच. ती पत्र्याच्या दोन पेट्यांत होती. घरटी एक कार्ड. गाडीतून उतरण्याआधी व्हर्डी त्यातली चार-पाच वाचून दाखवायची. पुढच्या बाजूला शाईने पोरं, गुडघे, कुत्रे. पाठीला पेन्सिलीने, जे चारचौघांत बोलायचं नसतं ते.

पाठ साहेबांनी कधी कुणाला ऐकवली नाही. वेळच यायची नाही. एकदा खाणीच्या रस्त्यावरून एक दुकानदार भर सभेत तावातावाने बोलायला उठला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मायेने विचारलं, "आणि तुमचा ओहायोतला भाऊ कसा आहे?" दुकानदार खाली बसला. तो भाऊ कार्डाच्या पाठीवर होता, व्हर्डीनेच लिहिलेला. पण रस्ता खरोखरच झाला. त्याच रस्त्यावर पुढे दवाखानाही झाला. नव्या दवाखान्याकडे बघत बघत माणूस बरंच काही विसरतो.

बुधवारी दफन झालं. गुरुवारी दुपारी साहेबांचा मुलगा लाइल ऑफिसात आला. वडिलांच्या जागी तोच उभा राहणार होता.

"व्हर्डीबाई, सोमवारी पेट्या न्यायला येतो."

"जुनी झाली रे कार्डं. निम्मे गुडघे मातीत गेले."

"गुडघे तुम्हीच ठेवा." लाइल हसला. "बाबांना हौस होती, कुत्र्यांची नावं पाठ करायचे. मला फक्त पाठीमागचं हवंय. आणि बाबांसारखं मनात ठेवणं मला जमणार नाही, आधीच सांगतो."

"नाही दिल्या तर?"

त्याने टोपी उचलली. दारापर्यंत गेला, वळला, आणि अगदी बापाच्या आवाजात म्हणाला, "आणि तुमची आर्डिथ कशी आहे?"

तुमची.

आर्डिथ ही व्हर्डीच्या बहिणीची, ओपलची मुलगी. गाव तसंच समजून होतं आणि आर्डिथही. सव्वीस वर्षांपूर्वी व्हर्डी सात महिने सिनसिनाटीला टायपिंग शिकायला गेली, मागून ओपल तिला भेटायला गेली आणि येताना मूल घेऊन आली, एवढीच ती गोष्ट. व्हर्डीने ती कुठल्याही कार्डावर लिहिली नव्हती. म्हणजे साहेबांनी स्वतः लिहून ठेवली असणार. दर नाताळात ते विचारायचे, "तुझी आर्डिथ कशी आहे?" आणि व्हर्डी सुखावून जायची. असाच प्रश्न शेकडो लोकांवर पडताना तिने ऐकला होता. स्वतःवर पडलेला तेवढा तिला एकदाही ओळखू आला नाही.

तिने दोन्ही पेट्या उपसल्या. तिचं कार्ड त्यांत नव्हतं. पाठीवर लिहिलेली चौतीस निघाली. ती घेऊन ती भांड्यांच्या ढिगाशी बसली, आणि बुडावरची नावं जुळवू लागली. आर्डिथचं एक भांडं सोडलं, तर प्रत्येक भांड्याचं कार्ड तिच्या हातात होतं. ज्यांच्या कार्डाच्या पाठीवर काही लिहिलेलं होतं तेच रांधून आले होते. तीन दिवस ती जे दुःख वाढत आणि आवरत होती, ते दुःख नव्हतंच, भीती होती.

जाळणं सोपं होतं. पण जाळली, तरी आपल्याकडे आहेत असं लाइल सांगू शकला असता. ज्याचं त्याच्या हातात गेलं, तरच त्याची भीती सरणार. आणि आर्डिथला? तिला लाइलच्या आधी आपण सांगायचं. शनिवारी सकाळी व्हर्डीने भांडी गाडीत भरली आणि एकेका भांड्यात एकेक कार्ड ठेवलं.

पहिलं घर क्लेटस नोबलचं. म्हाताऱ्याने कार्ड उलटलं. त्याचा मुलगा फौजेतून पळाला होता, व्हिएतनामला गेलाच नाही. डेटनमध्ये दुसऱ्या नावाने राहत होता. नाव, पत्ता, सगळं होतं.

"हे मी त्यांना माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं," क्लेटस म्हणाला. "रडत होतो मी. त्यांनी माझा हात धरला होता. तू तर बाहेर गाडीत होतीस."

"गाडीत येऊन बसले, आणि म्हणाले, लिही व्हर्डी."

"आणि तू लिहिलंस."

"परत द्यायला आलेय, क्लेटस."

"हो, आणि स्पेलिंग एक चुकलेलं नाही. हुशार बाई." त्याने जाळीचं दार ओढून घेतलं आणि आतून हुक लावला. भांडं पायरीवरच राहिलं.

दुसऱ्या घरी ऑली फ्यूगेटने पाठ वाचली, पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "बरं. मग आता तुला काय हवंय?"

"काही नको, ऑली."

"नको कसं? साहेब गेले, आता तू. बोल ना."

दुपारपर्यंत हाच प्रश्न तिला अकरा दारांत भेटला. कुणी विचारला, कुणी नुसताच डोळ्यांत ठेवला. एकीने तर मिठी मारली, आणि कानाशी तेच विचारलं.

आर्डिथ ओसरीवर घेवडा मोडत बसली होती. व्हर्डीने तिचं भांडं पुढे केलं. आत स्वतःच्या हाताने लिहिलेलं नवं कार्ड होतं. पुढे: आर्डिथ, वय सव्वीस, काम करताना गुणगुणते. आर्डिथने ते वाचलं आणि उलटलंच नाही.

"पाठ बघ गं."

"माहितेय मला, मावशी. बुधवारी लाइलने सांगितलं. दफनाच्या वेळीच, झाडाखाली नेऊन." तिने शेंग मोडली. "वर म्हणाला, तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस, उन्मळून पडेल बिचारी. आणि मग विचारलं, तुझं अक्षर कसं आहे?"

"तू काय म्हणालीस?"

"सोमवारपासून येते म्हणाले. तुझी अब्रू राहावी म्हणून."

व्हर्डी पायरीवर बसलीच. मग तिला हसू फुटलं, रडूही. "अगं, मग सुटलो की आपण! तुला कळलं, मला कळलं, त्याच्या हातात उरलं काय? आणि कार्डं मी सकाळपासून वाटतेय—"

"वाटलीस?" आर्डिथचे हात थांबले. "तो म्हणालाच होता. कार्डांचं ती काहीतरी करेल, करू दे. सगळ्या कार्डांच्या पाठी तिला तोंडपाठ आहेत. स्वतःची पोरगी समोर बसली, की आपणहून बोलेल." तिने मान वर केली. "कार्ड लिहायला नाही गं नेमलंय मला. तुझ्याशी बोलायला नेमलंय."

रस्त्यावरून एक गाडी हळूहळू पुढे गेली.

"नको जाऊस मग सोमवारी," व्हर्डी म्हणाली.

"मी नाही गेले तर तो दुसरी कुणीतरी पाठवेल. माझ्याहून गोड बोलणारी." आर्डिथने टोपली बाजूला सारली आणि जवळ सरकली. "त्यापेक्षा तू मला गावाचं काहीच सांगू नकोस. कधीच. एकच सांग. माझा बाप कोण?"

पोरीचा हक्काचा प्रश्न होता. सव्वीस वर्षं व्हर्डीने त्याचं उत्तर जिभेवर धरून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं आणि आर्डिथच्या चेहऱ्याकडे पाहिलं. विचारतेय ती आपली लेक की लाइलची सोमवारपासूनची कारकून, हे तिला कळेना. ती तशीच बघत राहिली, आणि समोर आर्डिथला समजलं की मावशी काय शोधतेय.