अंगणात राहिलेली कण्हेर

मी कण्हेर बोलतेय, आणि आज गोड बोलणार नाही. उघड्या रस्त्यावर वर्षभर फुलणाऱ्या माझ्या बहिणी कुठेतरी असतील. मी ताश्कंदच्या मुलखातल्या नमनगानची. इथे नोव्हेंबर सरायच्या आत मला उचलून आत न्यावं लागतं, नाहीतर मी मरते. वर्षातून एकदा, एवढंच माझं मागणं.

माझी मालकीण शराफतखाला लग्नानंतर नवऱ्याबरोबर, मिर्झाहिदबरोबर, समुद्रकाठच्या आरोग्यधामात गेली होती. तिथली एक फांदी मिर्झाहिदने माळ्याची नजर चुकवून मोडली, ओल्या मोज्यात गुंडाळली आणि आगगाडीतून घरी आणली. ती मी. आधी खिडकीतल्या बाटलीत मुळं धरली, मग सरकीच्या तेलाचं अर्धं कापलेलं पिंप माझं घर झालं. त्याला दोन कड्या मिर्झाहिदनेच जोडल्या. तो गेला तेव्हा मी त्याच्याहून उंच होते.

थंडीची चाहूल लागली की खाला माझं पाणी कमी करायची. शेजारचा काबिलअका तीन गडी घेऊन यायचा, चौघं मला दाराजवळच्या देवडीत ठेवायचे आणि पुलाव खाऊन जायचे. देवडीत शेगडी नसते, पण पाणीही गोठत नाही. मला तेवढंच हवं. तीन आठवड्यांतून एक तांब्या पाणी. पानांखालची खवलेकीड खाला साबणाच्या फडक्याने पुसायची आणि मग हात खसखसून धुवायची, कारण माझा चीक विषारी. सव्वीस हिवाळे असे गेले.

गेल्या वर्षी खालाचा मुलगा दानियार रशियातली बांधकामाची नोकरी सोडून परतला. पांढरी गाडी घेऊन आला. ती त्याने देवडीत लावली.

ऑक्टोबरात खाला गालिचा धुताना घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेनंतर ती डॉक्टरांच्या नजरेखाली ताश्कंदला, बहिणीकडे राहिली. जाताना गाडीत बसण्याआधी तिने मुलाला एवढंच सांगितलं, की पहिल्या हिमाआधी कण्हेर आत घे.

त्याने मान डोलावली. किती सहज डोलते माणसाची मान!

काबिलअका दोनदा विचारायला आला. पहिल्यांदा दानियार म्हणाला, उद्या. दुसऱ्यांदा म्हणाला, मावसभावाचं लग्न आटपू दे. काबिलअका चिडला.

"पुलावाला घाबरतोस का रे? नको घालूस जेवायला. गाडी बाहेर काढ आणि एक कडी धर, बस."

"अका, नव्या गाडीचा रंग जातो थंडीने. झाडाचं काय, झाडं बाहेरच असतात."

त्याच दुपारी त्याने खालाच्या रुखवतातली रेशमी दुलई काढली आणि गाडीवर पांघरली. देवडीचं दार उघडंच होतं. मी अंगणातून बघत होते.

खालाचा फोन रोज यायचा. माझ्या शेजारी उभा राहून, माझ्याकडे पाठ करून तो बोलायचा. "हो आई, आत घेतली. पानं पण पुसली." आणि मला वाचा नाही!

डिसेंबरात एका सकाळी पिंपातली माती दगड झाली आणि पत्र्याची शिवण उसवली. पानं काळी पडून लोंबली. सूनबाई नफिसा दाराशी येऊन थबकली. ती नवऱ्याला म्हणाली, आईंना सांगून टाका. तो म्हणाला, एवढ्यात नको.

फेब्रुवारीत खाला कुबड्या टेकत आली. आधी देवडीत शिरली. गाडीवरची दुलई तिने हाताने चाचपून पाहिली. मग अंगणात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"गाडीला थंडी वाजत नाही रे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "जमत नाही म्हणाला असतास, तर मी काबिलला सांगितलं असतं. त्याने नेली असती. तुझं 'हो' ऐकून मी तिकडे निवांत झोपत होते."



काबिलअकाने नखाने माझी साल खरवडली. वर सगळी तपकिरी. अगदी बुंध्याशी हिरवी. त्याने करवत मागितली. तिथून वरची मी तिथेच संपले.

दानियारने त्याच दिवशी गाडी बर्फात उभी केली आणि माझं पिंप इंच इंच सरकवत एकट्याने देवडीत नेलं. त्याच्या तळहातांची सालं निघाली. मला दया आली नाही. रोज पाणी ओतून मुळं कुजवायलाही निघाला होता. खालाने तांब्या काढून घेतला.

आता मे आहे. बुंध्याला तीन कोंब आलेत, वीतभर. मायलेक माझ्याशेजारच्या बाकावर चहा पितात. ती त्याच्या विनोदांवर हसते, त्याच्या बशीत जर्दाळू ठेवते. काल त्याने विचारलं, "यंदा फुलेल का गं?" खाला म्हणाली, "तिचं ती ठरवेल."

मी ठरवलंय. यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही.

तुमच्या दारी माझ्यासारखं कुणी कुंडीत असेल आणि त्याला आत घेणं जमत नसेल, तर तसं तोंडाने सांगा. दुसरं कुणीतरी येऊन नेईल. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्या वतीने खोटं बोलू नका.

खालाने त्याला माफ केलं. ती त्याची आई आहे. मी नाही.