खालच्या काकूंची काठी

घर बघताच मी मनातल्या मनात तिथे राहायलाही आले होते. सगळीकडे लाकडी जमीन, मधाच्या रंगाची, आणि शाळा चार मिनिटांवर. जुनी खोली रविवारपर्यंत सोडायची होती, आज शुक्रवार होता, आणि दुसरं घर हातात नव्हतं.

अडचण एकच. घरमालकीण काकू बरोबर खालच्याच मजल्यावर राहायच्या.

"मागच्या भाडेकरूंनी खुर्ची सरकवली तरी माझ्या डोक्यात वाजायची," त्या म्हणाल्या. "मी खाली जाऊन बसते. तुम्ही चाला, बसा, रोजच्यासारखं वागा. त्रास झाला तर छताला काठी मारीन. काठी वाजली की हे घर विसरा."

फोनवर मी छाती ठोकून सांगितलं होतं, "आमच्या घरात आवाजच नसतो, काकू." आई शिवणकाम करते आणि तिच्या पायमशीनवरच आमचं घर चालतं, एवढं मात्र मी सोयीस्करपणे गाळलं होतं.

काकू खाली गेल्या. माझा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही भोवरा म्हणतो, मोजे घालून मांजरासारखा फिरू लागला. मी श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेत होते. आई खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. झालंच की, असं मला वाटलं.

टक-टक, टक-टक.

आईचा उजवा पाय. ती घाबरली की तो आपोआप पायडल मारायला लागतो. टाच, चवडा, टाच, चवडा.

"आई, पाय," मी कुजबुजले.

"काय झालं त्याला?" आईने खाली वाकून बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

काठी वाजली नाही. काकू स्वतःच वर आल्या, ते जास्त वाईट होतं.

"ही चाल पायडलची आहे," त्या म्हणाल्या. "मशीन आहे ना तुमच्याकडे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मीच पुढे झाले. "मी लपवलं, काकू. आईला माहीत नव्हतं."

"फोनवर तर भारी चुरुचुरु बोलत होतीस."

"उद्या मशीन आणतो. मशीनखाली जाड गादी घालू. काठी वाजली तर गपचूप परत नेऊ."

काकूंनी एकदा आईच्या पायाकडे बघितलं. "दहा वाजता. एकदाच."

संध्याकाळभर आम्ही उरल्यासुरल्या कापडाच्या चिंध्या दाबून दाबून गादी शिवली. शनिवारी मशीन तीन जिने वर चढवून गादीवर ठेवलं. भोवऱ्याने फक्त रिळांचा डबा उचलला होता, पण सगळ्यात जास्त कण्हला तोच.

दहाला आई बसली. पायडल फिरू लागलं. मी जमिनीवर नजर खिळवून काठीची वाट बघत होते. पाच मिनिटं. दहा. आईच्या कपाळावर घाम आला, शिवण वाकडी जात होती.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर काकू, हातात काठी.

"अहो, सव्वादहा झाले," त्या वैतागून म्हणाल्या. "सुरू कधी करताय? कान टवकारून माझी मान दुखायला लागली."

पायडलवर आईचा पाय अजून चालूच होता.