माझ्या घुमण्याआडचा गळा

मी रिव्हर्ब बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. निपाणीपासून चिकोडीपर्यंत मला सगळे इकोच म्हणतात. इको वेगळा आणि मी वेगळा, हे सांगावंसं फार वाटतं, पण मला बोलायची सोय कुठे आहे? मी आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज घुमवत आलो. आज स्वतःचं सांगतोय, तर जरा ऐकून घ्या.

दिसायला मी तळहाताएवढा निळा पत्र्याचा डबा. पाठीवर पायानं दाबायचं बटण, एक लाल दिवा आणि घुमणं कमी-जास्त करायचा नॉब. माइकची वायर आधी माझ्यात येते, मग पुढे स्पीकरच्या मिक्सरला जाते. बटण दाबलं की गाणाऱ्याचा आवाज दगडी मंदिरात गायल्यासारखा भरून येतो. पुन्हा दाबलं की जसा आहे तसा, उघडा.

मला चंदनानं बेळगावच्या एका दुकानातून आणलं. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. ती शाळेत गाणं शिकवायची आणि सुट्टीत गावोगावच्या जैन मंदिरांत पूजेची गाणी म्हणायची, मराठीतही आणि कन्नडमध्येही. पूजेच्या मंडपात चप्पल चालत नाही, म्हणून ती मला अनवाणी अंगठ्यानं दाबायची. गाताना चालू, बोलताना बंद. नॉब थोडासाच फिरवलेला. भाजीत मीठ घालावं तसं बेतानं वापरायची ती मला. मी फार सुखात होतो.

मग वीरेंद्रशी तिचं लग्न झालं. त्याची पूजेची संगीत पार्टी होती, तो कीबोर्ड वाजवायचा. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण त्याला घुमणारा आवाज हवा असायचा.

"एवढ्यानं काय हुतंय? मागं बसलेल्याच्या अंगावर काटा आला पायजे," असं म्हणत त्यानं नॉब पार शेवटपर्यंत नेला आणि कुणी हलवू नये म्हणून त्यावर एमसील थापलं. बटणावर बाटलीचं टोपण उलटं ठेवून वरून चिकटपट्टी गुंडाळली. झालं. तेव्हापासून मी कैदी. चालू म्हणजे चालूच, तेही पूर्ण.

पुढे एका गावात आठ दिवसांचं विधान होतं. म्हणजे रोज सकाळी लांबलचक पूजा आणि संध्याकाळी आरती. चंदनानं तेवढ्या दिवसांसाठी नियम घेतला होता, सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आरतीची गाणी ती कोरड्या घशानं म्हणायची. हळूहळू तिचा आवाज चिरायला लागला. लोकांना स्पीकर ऐकू येतो, मला गळा ऐकू येतो. प्रत्येक चीर माझ्यात यायची, मी ती घुमवून घुमवून बुजवायचो आणि पुढे पाठवायचो. मला दुसरं काही येतच नाही.

"अहो, गळा लई दुखालाय," एका दुपारी ती मंडपामागं म्हणाली.

"स्पीकरवर तर झ्याक येतंय की गं. मी ऐकलं न्हाय व्हय?" वीरेंद्र म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. खोटं मी बोलत होतो. त्या वेळी मला माझाच इतका राग आला की आतून जळून जावंसं वाटलं. पण जळणंही आपल्या हातात नसतं. आणि विधान मध्येच सोडायचं कसं, म्हणून चंदना गात राहिली.

शेवटी एका सकाळी पूजा रंगात आली होती. बायका अर्घ्याची ताटं घेऊन नाचत होत्या. चंदनाच्या गळ्यातून नुसती हवा आली. मी ती हवासुद्धा गोड करून पाठवली आणि कुणाला काही कळलं नाही. ती वाकली, चिकटपट्टी नखांनी ओरबाडून काढली, टोपण फेकलं आणि अंगठ्यानं मला बंद केलं. मग तीच ओळ पुन्हा गायली.

स्पीकरमधून खरखर आली. शब्द अर्ध्यात तुटत होते. नाचणाऱ्या बायका थांबल्या. वीरेंद्रचा हात कीबोर्डवरच राहिला. पूजा सांगणारे उपाध्ये उठून तिच्याजवळ आले.

"बाळ, बस आता. देवानं तुजा गळा मागितलेला न्हाय," ते म्हणाले.

उरलेली पूजा बायकांनीच म्हटली, माइकशिवाय. मला ती फार आवडली.

चंदनाच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. अजून बोलायला मनाई आहे आणि गाता येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. वीरेंद्र खचला. बटणावर त्यानं पुन्हा टोपण लावलं नाही. पण गावांना शब्द दिलेले होते, म्हणून आता त्याची धाकटी बहीण प्रिया गाते. चंदनासाठी डोळे पुसणारी माणसंच प्रियाला विचारतात, "इको जरा वाढवता का?" त्यामुळे बटण मोकळं असूनही मला बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही. चंदना असली की ती प्रियाला अगदी चिकटून बसते आणि तिच्या तोंडाकडे कान लावते. आज ती तपासणीला बेळगावला गेली आहे.

आत्ता मंडप भरतोय. थोड्या वेळापूर्वी प्रियानं पाण्याचा घोट घेतला आणि गिळताना डोळे मिटले. वीरेंद्रनं ते पाहिलं.

"गळा बरा हाय न्हवं? खरं सांग," त्यानं विचारलं. या वेळी त्यानं मनापासून विचारलं.

प्रियाला भावानं गावाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. तिनं माइक उचलला. "तूच ऐक की अण्णा," म्हणाली आणि एक ओळ गायली.

ओळ मधोमध चिरली होती. ती माझ्यात आली आणि मी ती भरून काढली. वीरेंद्रनं स्पीकरकडे कान दिला, त्याच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली आणि तो कीबोर्डवर जाऊन बसला.

तुम्ही पुढच्या रांगेत असाल तर हात जोडून सांगतो, स्पीकरकडे बघू नका. उठून प्रियाजवळ जा, तिच्या तोंडाकडे कान लावा. पूजा सुरू व्हायला अजून थोडा वेळ आहे.