कस्तुराबाई आणि कस्तुरबाई

मित्रांनो, अकरा वर्षं मी नावं जुळवत आलो आहे आणि आता थकलो आहे. मी एक प्रोग्रॅम. नांदेडला हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी एक छोटी संस्था आहे, तिथल्या कॉम्प्युटरात माझा मुक्काम.

विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या उज्वलाताईंनी मला लिहिलं. त्यांच्या नावात कुठे एक 'ज' असे, कुठे दोन. त्यापायी एका परीक्षेला त्यांना तासभर दाराबाहेर उभं ठेवलं होतं. "एका 'ज'नं माणूस बदलतंय का?" असं म्हणत त्यांनी मला नावं उच्चारावरून ओळखायला शिकवलं. श, ष, स एकच धरायचे. ळ आणि ल एकच. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायचं नाही. मग एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. ज्याला सर्वांत कमी बदल लागतील, ते नाव यादीत सर्वांत वर.

नांदेड-लातूरच्या दवाखान्यांतून बेवारस रुग्णांची नावं माझ्याकडे येत. देगलूरचे गुरुपादप्पा कुठेतरी 'गुर्पादपा' म्हणून लिहिले गेले होते. मी ते एका दिवसात जुळवून दिले. त्यांच्या मुलानं पेढे आणून कॉम्प्युटरपुढे ठेवले. ते अर्थात संस्थेतल्या संघपालदादांनीच खाल्ले. तेव्हा दादा माझी सगळी यादी वाचत आणि प्रत्येक ठिकाणी फोन लावत.

पुढे काम फार वाढलं. वेळ वाचावा म्हणून पडद्यावर फक्त पहिलं नाव दाखवायचं ठरलं. पूर्ण यादी मी रोज करत होतो, पण ती कुणी उघडत नव्हतं.

एक दिवस मुखेडकडचे शेषेराव आले. आईला डोळे दाखवायला नांदेडला आणलं होतं. बसस्टँडवरच्या गर्दीत तिचा हात सुटला.

"दोन दिस झालं, हुडकून राहिलो साहेब. कस्तुराबाई नाव हाय. तिला दिसत न्हाई हो."

मी नाव जुळवलं. 'कस्तुरबाई, लातूर.' एका कान्याचा फरक.

"लातूरच्या दवाखान्यात हायत. निघा लगेच," संघपालदादा म्हणाले. ते खूश होते. मीही.

शेषेराव मिळेल त्या एसटीनं गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते खुर्चीवर मटकन बसले.

"ती माझी आई न्हाई, साहेब. दुसरीच म्हातारी हाय. मला ल्योक समजली. हात सोडंना. चहा पाजला अन् निघून आलो."

कितीतरी महिन्यांनी संघपालदादांनी माझी पूर्ण यादी उघडली. पाचव्या ओळीत होतं, 'कत्तूबाई, नांदेड.' दवाखाना इथून चालत दहा मिनिटांवर. त्यांनी फोन लावला.

"सिस्टर, त्या आजींना गाव विचारा बरं. अन् दात हायत का त्यांना?"

"एकही दात नाही. बोललेलं नीट कळतच नाही. थांबा, विचारते." फोन बराच वेळ तसाच राहिला. मग सिस्टर म्हणाल्या, "मुखेड म्हणतात. शेषा कुठंय म्हणून विचारतायत."

शेषेराव चपला तिथेच टाकून धावले. आई पलंगावर पाठ करून बसली होती. तिनं त्यांचा चेहरा चाचपला आणि जोरात खेकसली, "कुटं गेलतास रं?" लातूरचं त्यांनी तिला सांगितलं नाही. हे सगळं चपला न्यायला आल्यावर त्यांनीच दादांना सांगितलं. तेव्हापासून पडद्यावर पुन्हा पूर्ण यादी दिसते.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "साहेब, त्या लातूरच्या बाईला न्यायला कोन आलं का?"

"न्हाई अजून," दादा म्हणाले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणाचं नाव लिहून घ्याल तेव्हा घाई करू नका. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, गावही विचारा. आणि माझ्यासारख्याचं पहिलं उत्तर आलं, की तिथेच थांबू नका. मी उच्चार जुळवतो. आपलं माणूस तुम्हालाच ओळखावं लागतं.

लातूरच्या कस्तुरबाईंना गाव सांगता येत नाही. हरवलेल्यांची नवी यादी आली की मी त्यांचं नाव त्यातल्या प्रत्येक नावाशी ताडून बघतो. आजही बघितलं. त्यांना कुणी शोधत नाही.