धूळपाटीवरचे नाव

चारठाण्याहून गाडी परत आली तेव्हा भुजंग गाडीवान एकटाच उतरला. चन्नबसम्मा आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती आणि तिला आणायला ही गाडी गेली होती. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर होते. तिथून मला दार दिसायचे. भुजंगाने पटका काढून हातात घेतला. "आप्पा, आई बऱ्या झाल्या आन् ताप वैनीलाच आला. तीन दिवस उतरलाच न्हाई. काल सकाळी गेली."

तिचा नवरा गुरुपाद आत आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या वेळी माझ्यावर त्याचेच नाव लिहिलेले होते.

मित्रांनो, मी एक जुनी धूळपाटी आहे, सेलूत निजामाचा अंमल होता तेव्हाची. पाटी म्हटले की तुम्हाला दगडी पाटी आठवेल. मी लाकडाची आहे. माझ्यावर चाळलेली राख पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि मला हलवायचे. अक्षर गेले. ते जाते कुठे, हे मला कधीच कळले नाही. मी ते अजून शोधते आहे.

चन्नबसम्माच्या वडिलांनी लेकीला घरी शिकवण्यासाठी मला सुताराकडून करून घेतले. लग्न झाले तेव्हा ती मला भांड्यांबरोबर घेऊन आली. गुरुपादची थोरली बहीण गौराबाई त्याच घरी राहायची. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "तुमच्याकडं पोळपाट असा लांबट असतोय का गं?" पुढे सात वर्षे मी पिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून होते. काम वाईट नव्हते, पण माझ्यावर कोणी काही लिहीत नव्हते.

लेक महानंदा सहा वर्षांची झाली तेव्हा चन्नबसम्माने मला धुऊन पुसून घेतले. सरकारी शाळेत उर्दू शिकवत, आणि आमच्या गल्लीतून मुली तिथे जात नसत. म्हणून चुलीपुढेच शाळा भरली. गौराबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "पोरीला तहसिलीत मुनशी करायलीस का?"

"आधी अक्षरं होऊ द्या, वन्सं. मुनशीचं मग बघू."

गुरुपादचे तेलाचे दुकान होते. तो कधी शाळेत गेला नव्हता. दुपारी जेवायला आला की तो लेकीच्या शेजारी बसून बघायचा. एकदा म्हणाला, "मला बी माझं नाव शिकव की."

"आधी हात धुऊन या. पाटीला तेल लागंल."

"आन् नाव कसं सांगणार? नवऱ्याचं नाव तर घेत न्हाईस तू."

ती हसली. "तोंडानं घेत न्हाई. लिहायला कोण नको म्हनलंय?"

माहेरी जायच्या दिवशी तिने माझ्यावर राख पसरली आणि लिहिले, गुरुपाद. "हे तुमचं. आले की गिरवून घेते," ती त्याला म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "'भ' झाला. आल्यावर 'म' शिकू. तुझ्या नावातला पहिला."

ती वारल्याचे कळल्यावर गुरुपादने मला हलवू दिले नाही. वाऱ्याने राख उडू नये म्हणून माझ्यावर सूप पालथे घातले. रोज सकाळी तो सूप उचलून बघायचा आणि पुन्हा झाकायचा. एवढे कोणी मला कधीच जपले नव्हते. पण महानंदाचे शिकणे थांबले. फळीखाली उभी राहून ती वर बघायची, सुपाच्या फटीतून मला दिसायचे. माझ्यासाठी तिने कधी हात पुढे केला नाही.

एके दिवशी गौराबाई परातीत पीठ घेऊन बसली होती. पाणी आणायला ती उठली, आणि परत येऊन पाहते तो पिठात अक्षरे.

"काय करायलीस गं? खायच्या पिठात बोटं?"

"'भ'पतूर येतंय, आत्या. पुढचं येत न्हाई."

गौराबाईने ते पीठ मळले नाही. परात तशीच ठेवून भावाची वाट पाहिली. तो आल्यावर म्हणाली, "तुझं नाव फळीवर झाकून ठेवलंस. हिला हिच्या नावातलं एक अक्षर यीना."

गुरुपादने परातीतली अक्षरे पाहिली. मग मला खाली घेतले. माझ्यावरच्या नावाला त्याने तीन बोटे लावली. ती राख आधी लेकीच्या कपाळाला आणि मग स्वतःच्या कपाळाला विभूतीसारखी ओढली.

"चुलीतली राख हाय ती," गौराबाई हळूच म्हणाली.

"असू दे, अक्का." त्याने मला हलवले. राख सपाट झाली.

पण 'म' कोणाला येत होता? पोथी वाचणारे दिनकरराव शेजारी राहायचे. दुसऱ्या दिवशी गुरुपाद त्यांच्यासमोर बसला आणि तळहात पुढे केला. त्यांनी शाईने 'म' काढून दिला. मूठ मिटून तो घरी आला आणि बघून बघून त्याच राखेवर ते अक्षर काढले. महानंदाने मान तिरकी केली.

"आप्पा, रेघ वर असती. तुमची खाली आलीय."

दिनकररावांनी समोरून लिहिले होते, त्यामुळे गुरुपादच्या बाजूने अक्षर उलटे होते. महानंदाने मलाच फिरवले. बाप आणि लेक दोघेही हसले. आई गेल्यापासून त्या घरात मी हसणे ऐकले नव्हते.

त्यानंतर तो रोज एक अक्षर मुठीत आणायचा. कधी तेलाने अक्षर पसरायचे. मग ते काय असेल यावर तिघांचा वाद व्हायचा, आणि गौराबाई सर्वांत मोठ्याने भांडायची. असे करत 'ज्ञ' आला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांना सगळे येत नसेल. तरी त्यांना विचारा. येत नसलेले अक्षर माणूस लेकरासाठी शेजारून मुठीत घेऊन येतो, हे मी पाहिले आहे. आणि माझ्यासारखी वस्तू तुमच्याकडे असेल तर तिला जपा, पण सुपाखाली ठेवू नका. तिच्यावर लिहा, पुसा, पुन्हा लिहा.

महानंदा आता पोथी वाचते. "आप्पा, बसा, तुमचं नाव शिकवते," असे ती कितीदा म्हणाली. तो म्हणतो, "उद्या." राख चाळून ठेवलेली आहे. गुरुपादने आपले नाव अजून गिरवलेले नाही.